दोरीवरचे पुरुष

दुकानात पँट मागितली की विक्रेता कंबर इंचांत विचारतो, 32 की 34. शिंप्याच्या गळ्यातली टेपही इंचांचीच. बनियन मागितलं की तोच माणूस सेंटिमीटरवर येतो, 85 देऊ की 90? आमच्या घरात या विसंगतीचं कुणाला कधी नवल वाटलं नाही. 1956 च्या कायद्याने देशात दशमान मापं आली, साठच्या आगेमागे कापडाचा गज जाऊन मीटर आला, आणि हे सरकारी फर्मान पुरुषाच्या अंगावर सगळ्यात आत जाऊन बसलं ते बनियनमध्ये. पँटीने इंच सोडला नाही. बनियनला बिचाऱ्याला कुणी विचारलंच नसावं. अण्णांचा नंबर 90, तात्यांचा 95, बापूकाकांचा 85 आणि लग्नानंतर 90. हे आकडे आम्हा बहिणींना पाढ्यांसारखे पाठ होते, कारण दिवाळीआधी कापड बाजारात जाऊन ते आणायचं काम आमचं.

नगरजवळच्या भिंगारच्या आमच्या वाड्यात आम्ही चुलत-आत्ते मिळून मुलीच जास्त. पुरुषांच्या आतल्या कपड्यांचा इतिहास त्यामुळे पुरुषांपेक्षा आम्हालाच अधिक ठाऊक. धुणं आमचं, वाळत घालणं आमचं, घड्या आमच्या, उसवलं तर टाका आमचा. आता आम्ही सगळ्या साठीच्या पुढे गेलो. एखाद्या लग्नात भेटलो की जुन्या गोष्टी निघतात, आणि कुठूनही सुरुवात झाली तरी गाडी शेवटी चौकातल्या दोरीवर येते. माझी मोठी चुलत बहीण आम्हा सगळ्यांची माई. ती म्हणते, पंचवार्षिक योजना आपण पुस्तकात नंतर वाचल्या, आधी वाळत घातल्या.

दोरीवर दोन राज्यं होती. पुरुषांचे गंजीफ्रॉक, पट्टेरी चड्ड्या, आजोबांचे म्हणजे आबांचे लंगोट, सगळं चौकात भर उन्हात, आल्यागेल्याच्या डोळ्यांदेखत. बायकांचं जे काही असेल ते मागच्या पडवीत, वर पंचा नाहीतर परकर टाकून. तिथलं निम्मं ओलंच राहायचं आणि पावसाळ्यात त्याला कुबट वास यायचा. हा भेद कुणी लिहून ठेवला नव्हता, तरी शेजारच्या लष्करी कॅन्टोन्मेंटच्या नियमांपेक्षा कडक पाळला जाई. पुढे जे समतेबद्दल सांगणार आहे ते या चौकातल्या दोरीपुरतंच समजावं.

समता मात्र होती, आणि ती डोळ्यांना दिसत होती. बाहेरचे कपडे माणसाचा पगार सांगायचे, जातही सांगायचे. तात्या शाळामास्तर, त्यांना धोतर आणि कोट. अण्णा लष्कराच्या एका कचेरीत सिव्हिलियन कारकून, त्यांना शर्टपँट. समोरचे गवळी गुडघ्यापर्यंतच्या धोतरात. शेजारच्या बिऱ्हाडातले निवृत्त सुभेदार घरात लेंगा आणि बाहेर इस्त्रीची पँट घालत. संध्याकाळी उकाड्याने हैराण होऊन हे सगळे ओट्यावर बसले, की अंगात एकच बाह्यांचा पांढरा गंजीफ्रॉक आणि खाली तीच निळ्या नाहीतर तपकिरी पट्ट्यांची नाडीची चड्डी. त्यातला मास्तर कोण आणि गवळी कोण हे ओळखायला आवाज ऐकावा लागे.

हे आपोआप झालेलं नव्हतं. त्यामागे सरकार उभं होतं, ते थोडं मागून सांगायला हवं.

आबांच्या तरुणपणी गंजीफ्रॉक ही चैनीची वस्तू होती. त्यांच्या अंगात कायम बंडी, मांजरपाटाची, पुढे कसे नाहीतर कापडी गुंड्या आणि आत एक चोरखिसा. खाली लंगोट. दोन्ही घरी शिवलेलं, आजीच्या हातचं. भिंगार तसं विणकरांचं जुनं गाव. नगर शहरात आणि इथे हातमाग होते, लुगडी निघत. पण लुगडं विणणाऱ्या गावात अंगातलं कापड मात्र मुंबईच्या गिरणीचं. मग लढाई आली आणि 1943 मध्ये सरकारने कापडावर नियंत्रण आणलं. आमच्याकडे त्याला नुसतं ‘कंट्रोल’ म्हणत. कापडाला कंट्रोल, साखरेला कंट्रोल, रॉकेलला कंट्रोल. आबा सांगत, की मांजरपाटासाठी रांगेत उभं राहून जे मिळेल ते घ्यायचं, पोत कसा, रुंदी किती हे विचारायची सोय नाही. त्याच काळात आमच्या गावाला लागून असलेल्या किल्ल्यात जवाहरलाल नेहरू कैदेत होते. ऑगस्ट 1942 मध्ये काँग्रेस कार्यकारिणीच्या मंडळींबरोबर त्यांना इथे आणलं, आणि 1944 च्या एप्रिल ते सप्टेंबर या महिन्यांत त्यांनी तिथे ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं. काँग्रेस समाजवादी पक्षाच्या संस्थापकांपैकी आचार्य नरेंद्र देव त्यांच्याच सोबत आत. बाहेर, नगरचेच अच्युतराव पटवर्धन, तेही समाजवादी, भूमिगत होऊन पोलिसांना गुंगारा देत होते. म्हणजे समाजवादाचा विचार किल्ल्याच्या आत, समाजवादी माणूस फरार, आणि समाजवादाची रांग कापडाच्या दुकानापुढे! आबांना यातली गंमत फार आवडे. ते स्वतः कुठल्याच पक्षाचे नव्हते.

(किल्ल्याखेरीज आमचा दुसरा जुना शेजारी म्हणजे औरंगजेब. 1707 मध्ये तो इथे भिंगारच्या मुक्कामी मेला. टोप्या शिवून मिळवलेल्या थोड्याशा पैशांतच आपलं कफन करावं असं त्याने सांगून ठेवलं होतं म्हणतात. शिवणकामाचा एवढा मोठा कारागीर गावाला पुन्हा लाभला नाही, असं आमचे सदर बाजारातले शिंपी म्हणत.)

स्वातंत्र्यानंतर कंट्रोल गेला, आला, पुन्हा सैल झाला. नीट बस्तान बसलं ते ऑक्टोबर 1964 पासून. गिरण्यांनी आपल्या उत्पादनाचा ठरावीक हिस्सा स्वस्त कापडाचा काढायचा, आणि त्यात पाच प्रकार: धोतर, साडी, लाँगक्लॉथ, शर्टिंग आणि ड्रिल. गोरगरिबांना अंग झाकायला एवढं पुरे असा दिल्लीचा हिशेब. धोतर आणि साडी जशीच्या तशी वापरात यायची. लाँगक्लॉथचं मात्र घरोघरी आतलं कापड झालं. बंड्या, चड्ड्या, परकर, उशीचे अभ्रे, बाळाची दुपटी, सगळं त्याच ताग्यातून. काठावर किंमत छापलेली असे. आमच्या आजीला कापड वाया घालवणं ठाऊकच नव्हतं, तिने काठ कधी कापून टाकला नाही. परिणामी दादाच्या चड्डीच्या मागच्या बाजूला सरकारमान्य दर वाचता येई. पोहायला विहिरीवर गेला की पोरं मोठ्याने वाचत. दोन-तीन धुण्यांत शाई पुसट व्हायची, पण पुरती जायची नाही.

त्याहून मजेदार मैद्याच्या पिशव्या. कॅम्पातल्या बेकऱ्यांमुळे आमच्याकडे त्या सहज मिळत. घट्ट विणीचं पांढरं कापड, दोन दिवस सोड्यात भिजवलं की मऊ. 1972 च्या दुष्काळात, जेव्हा नगर जिल्ह्यात माणसं खडी फोडायला गेली आणि रेशनवर लाल मिलो आला, तेव्हा आईने अशा पिशव्यांच्या कितीतरी चड्ड्या बेतल्या. त्यावरची अक्षरं निळी, इंग्रजी आणि ठसठशीत. इंग्रजीची पहिली अक्षरओळख आमच्या धाकट्या भावाला तिथेच झाली असं माई सांगते. मला ते खरं वाटत नाही, पण तो स्वतः नाकारत नाही.

पट्टेरी चड्डीची गोष्ट वेगळी. पट्ट्यापट्ट्यांचं कापड बाजारात मिळायचं, पण घरात सहा पुरुष, म्हणून तात्या अख्खा तागाच आणीत. सदर बाजारातले शिंपी माप घेत नसत. “मास्तरांचं घर ना? ठाऊक आहे,” एवढं म्हणून ते एकदम डझनावारी शिवून टाकत. पायाला ढगळ, मध्ये चौकोनी कळी, कमरेला नेफा आणि त्यात नाडी. सगळ्यांचा पट्टा एकच आणि बेतही एकच, म्हणून कुणाची कोणती हे ओळखता येईना, आणि त्यावरून रोज सकाळी न्हाणीघराबाहेर भांडणं. शेवटी काकूने नेफ्यावर रंगीत दोऱ्याचा टाका घालायला सुरुवात केली. अण्णांचा लाल, तात्यांचा हिरवा, बापूकाकांचा पिवळा. पिवळा धुऊन पांढरा व्हायचा आणि बापूकाका कुणाचीही घालून मोकळे व्हायचे. कॅम्पातल्या धोब्यांकडे यावर पक्का उपाय होता. बिब्ब्याच्या रसाने खूण. चुना लावला की काळीभोर होते आणि कापड फाटेपर्यंत जात नाही. पण बिब्बा अंगाला उततो. अशा खुणांमुळे गोऱ्या सोल्जरांच्या मानेवर-कमरेवर पुरळ उठायचं आणि त्यांच्या डॉक्टरांनी त्याचा अभ्यासही केला, त्याला धोब्याचंच नाव देऊन. आईने बिब्ब्याला घरात शिरू दिलं नाही.

नाडीबद्दल लिहायला बसले तर एक स्वतंत्र लेख होईल. ती विणलेली असायची, बाजारात वारावर मिळायची. धुण्यात एक टोक आत गेलं की संपलं. मग सेफ्टी पिन नाहीतर बांबूची काडी घेऊन नेफ्यातून ओढत आणायची. शाळेत जायच्या घाईत हे काम हमखास आमच्यावर. गाठ बसली की सुटायची नाही, म्हणून पुरुषमंडळी घाईच्या वेळी कशी नाचत ते आम्ही पाहिलं आहे. पण नाडीचा एक मोठा गुण होता. माणूस जाड झाला, बारीक झाला, आजारातून उठला तरी चड्डी तीच. तात्यांनी चाळिशीत शिवलेली साठीत घातली.

आता गंजीफ्रॉक. हा घरी शिवता येत नाही, त्याला यंत्र लागतं, गोल विणीचं. इथे सरकारचा दुसरा हात दिसतो. 1967 पासून काही वस्तू फक्त लघुउद्योगांनीच बनवायच्या असं धोरण आलं आणि ती यादी वाढत गेली. होजिअरी त्या यादीत होती. मोठ्या भांडवलाने या धंद्यात उतरायचं नाही, असा त्याचा अर्थ. ज्या मुंबईच्या गिरण्या आमच्या साड्या, धोतरं, शर्टाची कापडं काढीत, त्यांच्यासाठी बनियन हा परका प्रांत राहिला. देशभरातले पुरुष अंगात घालत ते आलं मुख्यतः दोन ठिकाणच्या छोट्या छोट्या कारखान्यांतून. एक कोलकाता. तिथे हा धंदा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून, खिदिरपूरला सुरू झालेला, आणि पुढे लक्स, रूपा वगैरे नावं तिथूनच उठली. दुसरं तमिळनाडूतलं तिरुपूर. तिथे 1925 च्या सुमाराला पहिली यंत्रं बसली आणि साठ-सत्तरपर्यंत गल्लोगल्ली खडखडाट सुरू झाला. एकजण विणणार, दुसरा ब्लीच करणार, तिसरा कापणार, चौथा शिवणार. कारखाना मोठा करायला बंदी, मग धंदा आडवा पसरला. नगरच्या कापड बाजारातल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांवर कसलेल्या अंगाचा एक माणूस छापलेला असे. आमच्या घरातल्या कुणाचंही अंग तसं नव्हतं.

हे धोरण बरं की वाईट? मला विचाराल तर दोन्ही. छोट्या कारखानदाराला ते वरदान होतं, यात शंका नाही. पण ज्याला वाढायची बंदी, त्याला सुधारायची घाईही नसते. बनियनचा गळा दोन महिन्यांत लोंबायचा. धुतल्यावर रुंदी वाढायची आणि लांबी आटायची, म्हणजे सहा महिन्यांनी ते चौकोनी व्हायचं. तात्या म्हणत, की लोकांना मिळतं तेच आवडायला लागलं, की त्याला नियोजन म्हणतात. ते काँग्रेसला मत देणारे होते, हे सांगायला हवं.

दिवाळीला प्रत्येकाला दोन नवे गंजीफ्रॉक, वर्षभराचा कोटा तेवढाच. त्यामुळे एक गंजीफ्रॉक मरायला फार वर्षं घेई. आधी तो बाहेर जाताना शर्टाच्या आत. काखेत जाळी पडली की घरात घालायला. पाठीला मोठं भोक पडलं की सायकल पुसायला, ते काम दादाचं. मग कंदिलाची काच पुसायला, कारण त्याच्यासारखं मऊ फडकं दुसरं नाही. काकूच्या बाळंतपणात त्याचीच चौकोनी फडकी झाली, उकळून. शेवटी न्हाणीघराच्या दारात पोतेरं. पोतेऱ्यात सुद्धा कुणाचा कोणता हे आम्हाला कळायचं. हे सगळं काटकसरीच्या कौतुकाचं म्हणून आता सांगितलं जातं. तेव्हा ते फक्त दुसरं काही नसल्यामुळे होतं, आणि उकळून धुणारे हात चार बायकांचे होते. आमची आत्या अजून ठणठणीत आहे, नव्वदीची. स्मरणरंजन फार रंगलं की ती विचारते, “तुमच्यातलं कुणी कधी आबांचा लंगोट घासलाय का राखेने? मग बोला.”

भिंगारला इतर गावांत नसलेली एक गोष्ट होती, ती म्हणजे लष्कर. 1948 पासून नगरला रणगाडा दलाचं प्रशिक्षण केंद्र, आणि कॅन्टोन्मेंट तर इंग्रजांच्या वेळचं. त्यामुळे लोकरीची लांब चड्डी, कमरेपासून घोट्यापर्यंतची, जी मराठी मुलखात एरवी कुणी पाहिलीही नसेल, ती आमच्या दोरीवर होती. जवान काश्मीर, लडाखकडून बदलून इथे येत. सोबत गरम बनियन, गरम पायजमा, जाड मोजे. काही टाकाऊ माल लिलावात निघून डिस्पोजलच्या दुकानात पोचत असे. सुभेदारसाहेबांनी अशी एक जोडी आबांना दिली. मळकट पांढरा रंग, पुढे दोन बटणं, आणि अंगाला भयंकर चावणारी. नगरची थंडी मोठी बोचरी, जानेवारीत पहाटे हात काकडतात. आबांनी ती धोतराच्या आत घालायला सुरुवात केली आणि मग फाल्गुनापर्यंत काढली नाही. चालताना धोतराचा काठ उडाला की आतून घोट्यापर्यंतचा मिलिटरी पाय दिसे. पारावरचे त्यांचे मित्र त्यांना ‘लेफ्टनंट’ म्हणू लागले. आबांना ते आवडलं असावं, कारण त्यांनी कधी विरोध केला नाही. आम्हाला त्या चड्डीचा राग येई. ती साबणात आटते म्हणून रिठ्याच्या पाण्यात धुवावी लागे, वाळायला दोन दिवस घेई, आणि पेटीत ठेवताना डांबरगोळ्या.

लोकरीचं आणि आमच्या घरचं आणखी एक नातं 1962 चं. चीनच्या सीमेवर मैदानी मुलखातल्या पलटणी सुती गणवेशात आणि कॅनव्हासच्या बुटांत पाठवल्या गेल्या, हे नंतर सगळ्यांना कळलं. भिंगारला ते जरा लवकर कळलं, कारण पत्रं यायची. तेव्हा देशभर बायकांनी जवानांसाठी स्वेटर विणले, तसे आमच्या वाड्यातही विणले गेले. आजीला स्वेटरचे टाके येत नव्हते, तिने मफलरच विणला, सरळ, कितीही लांब. अण्णांच्या कचेरीत तो जमा करताना सुभेदारसाहेबांनी तो मोजला आणि म्हणाले, “आजी, यात दोन जवान मावतील.”

त्या युद्धाच्या एक वर्ष आधी मद्रासजवळ आवडीला लष्करी कपड्यांचा सरकारी कारखाना निघाला होता. हे आवडी गाव मला फार चमत्कारिक वाटतं. जानेवारी 1955 मध्ये काँग्रेसने ‘समाजवादी धर्तीची समाजरचना’ हा ठराव केला तो इथेच. पुढे इथेच रणगाड्यांचा कारखाना आला आणि 1965 पासून विजयंता रणगाडे बाहेर पडू लागले. तोच विजयंता आता नगरच्या रणगाडा संग्रहालयात उभा आहे, पोरं त्याच्यासमोर फोटो काढतात. ठराव, रणगाडा आणि शिपायाचा कपडा एकाच गावात! आपल्याकडच्या समाजवादाचं चित्र काढायला सांगितलं तर मी आवडीचा नकाशा काढीन आणि शेजारी आमचं प्रवरानगर, जिथे 1950 साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांच्या खटपटीतून सहकारी साखर कारखाना उभा राहिला. एकीकडे सरकार, दुसरीकडे सहकार, आणि मधल्या माणसाच्या अंगात तिरुपूरचं बनियन.

गरम कपड्यांचं गाव मात्र लुधियाना. आम्हाला हे तेव्हा ठाऊक नव्हतं, पण लुधियानाच्या लोकरी मालाचं मोठं गिऱ्हाईक होतं सोव्हिएत रशिया. रुपयांत व्यवहार, डॉलरचं काम नाही. पंजाबातल्या छोट्या कारखान्यांत विणलेले स्वेटर आणि गरम कपडे जहाजांनी तिकडे जात, मॉस्कोच्या हिवाळ्यासाठी. 1991 मध्ये तो देशच नाहीसा झाला आणि लुधियानाच्या अनेक कारखान्यांवर संकट आलं. म्हणजे आबा धोतराखाली जी चड्डी घालून पारावर बसत, तिचे जातभाई कुठल्याशा रशियन आजोबांच्या अंगावर असतील. त्यांच्याकडेही या बाबतीत फार निवड नव्हती. 2000 मध्ये सेंट पीटर्सबर्गला सोव्हिएत काळातल्या अंतर्वस्त्रांचं चक्क प्रदर्शन भरलं होतं. हे वाचून माईने विचारलं, आपण का नाही भरवत? नगरमध्ये जागा मिळेल, पण मांडायला वस्तू कुठून आणणार? आपल्याकडे सगळ्याचं पोतेरं झालं.

इलॅस्टिक आलं तिथून एकी मोडली. मुंबईच्या जयकुमार पाठारे यांच्या मॅक्सवेल कंपनीने 1971 पासून ‘व्हीआयपी’ बाजारात आणलं. मराठी माणूस धंद्यात नाही असं म्हणणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. निदान कमरेपाशी तरी तो होता. दादा कॉलेजात गेला आणि त्याने पहिल्यांदा स्वतःच्या पैशांनी ‘फ्रेंची’ आणली. दोरीवर ती वाळत घातली तेव्हा तात्यांनी चष्मा पुसून पाहिलं. “हे रुमालाचं आहे का कशाचं?” पुढे टीव्ही आला आणि दलीप ताहिल त्या जाहिरातीत दिसू लागला तेव्हा वाड्यातल्या मोठ्या माणसांना एकदम पाणी प्यायची, खिडकी लावायची आठवण यायची. दादाची चड्डी चौकातून मागच्या पडवीत आली, परकराच्या आड. पुरुषाचं वस्त्र आमच्या राज्यात शरण आलं ते प्रथमच, आणि आम्ही त्याला जागा दिली नाही. पुन्हा चौकात नेऊन टांगलं.

मग सगळं भराभर झालं. 1974 मध्ये 103 आजारी गिरण्या सरकारच्या झाल्या, 1982 च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला तो कधी संपला हे कुणालाच सांगता आलं नाही, 1985 च्या वस्त्रधोरणाने कंट्रोलच्या कापडाचं ओझं गिरण्यांवरून उतरवून हातमागांकडे सरकवलं. 1995 च्या सुमाराला बंगळूरच्या पेज इंडस्ट्रीजने ‘जॉकी’ आणलं. आणि 2005 च्या अर्थसंकल्पात राखीव यादीतून 108 वस्तू निघाल्या, त्यांत होजिअरी. आमच्या घरात त्या दिवशी कुणाचं लक्ष गेलं नाही. पण पुढच्या पिढीत भाचे-पुतणे एकत्र आले की प्रत्येकाचा ब्रँड वेगळा, किंमत वेगळी. कमरेच्या पट्टीवर नाव मोठ्या अक्षरांत, आणि ते दिसावं म्हणून पँट मुद्दाम खाली. मैद्याच्या पिशवीवरची अक्षरं आम्ही लपवायला धडपडायचो, तेव्हा काकू अक्षरं आतल्या बाजूला घेऊन शिवायची.

पट्टेरी चड्डीही परत आली आहे. तिला बॉक्सर म्हणतात, आणि पुण्याच्या मॉलमध्ये तिची किंमत ऐकून बापूकाका दुकानातच खाली बसले होते. नव्वदीत असलेले तात्या अजूनही शिवूनच घालतात. सदर बाजारातल्या जुन्या शिंप्यांचा नातू दुकान चालवतो, मुख्यतः फिटिंग आणि चेन बदलायचं काम. तात्यांच्या चड्ड्यांची शिलाई तो तयार तीन नगांच्या पाकिटापेक्षा जास्त घेतो. दादाने त्यांना समजावून पाहिलं, पाकीट आणूनही दिलं. तात्यांनी ते उघडलं, इलॅस्टिक ताणून पाहिलं, परत घडी घालून ठेवलं आणि म्हणाले, “हे मी मेल्यावर कोण सोडवणार? नाडी कापता येते.” मग त्यांनी नातवाला कापड बाजारात पाठवलं आणि बजावलं, की कापड पुरतं मोजून घे, काठासकट.